रात्री दोन वाजता तो कुणाशी बोलतो?

बेळगावच्या वडगावहून एका आईचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून, पण त्यांच्याच शब्दांत देते.

"बाई, नमस्कार. आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मी घरी ब्लाऊज शिवते. थोरला मुलगा चौदा वर्षांचा, धाकटी पाचवीत. घरात सासूबाई आहेत. मुलगा सातवीपर्यंत गल्लीजवळच्या मराठी शाळेत होता, पहिला नाहीतर दुसरा नंबर असायचा. आठवीला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात घातलं. आता नववीत आहे. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी मोबाईल घेतला, तो आता त्याच्याच हातात असतो. वर्षभरापासून सारखं फ्री फायर की काय ते खेळायलाय. जेवायला हाक मारली की 'आलो' म्हणतो आणि भाकरी गार होऊन जाते. मागच्या नवरात्रात पहाटे पाचला उठून दुर्गामाता दौडीला जायचा, आता सात वाजले तरी उठवत नाही. परवा रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले, तर पांघरुणात हेडफोन घालून कुणाला तरी हिंदीत सांगत होता, 'पीछे है, पीछे है, मार'. अंगावर काटा आला.

मागच्या महिन्यात ह्यांच्या फोनवरून ३,८०० रुपये गेले. पिन त्याला ठाऊक होता. ह्यांनी पट्ट्यानं मारलं आणि मोबाईल काढून घेतला. त्यानं हातातला स्टीलचा तांब्या भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता नळाचं सगळं पाणी त्यानंच भरलं. पण तांब्याला पोचा पडलाय. रोज घासताना तो हाताला लागतो आणि मला काकतीची आठवण येते. हे म्हणतात होस्टेलला टाकूया. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मोबाईल आता परत दिलाय, कारण शाळेचे मेसेज त्याच्यावरच येतात. बाई, मोबाईल फोडून टाकू का? पोरगं हातचं जाईल का?"

ताई, पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंही लक्ष त्या तांब्यावरच अडकलं. म्हणून आधी त्याचं बोलूया. ती भीती मनात तशीच राहिली तर बाकी मी काहीही सांगितलं तरी तुमच्या कानाशी पोचणार नाही.

काकतीचं आपल्याकडं कुणीच विसरलेलं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात एकवीस वर्षांच्या मुलानं पब्जीवरून झालेल्या भांडणात वडिलांचा जीव घेतला. हायवेनं जाता-येता दिसणारं, हाकेच्या अंतरावरचं गाव. मी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. पुढं कितीतरी दिवस आया शाळेच्या फाटकाशी थांबवून मला तेच विचारायच्या, जे आज तुम्ही विचारताय. तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते. त्या वर्षी देशभरात कोट्यवधी पोरं तोच गेम खेळत होती. ती आज कॉलेजला आहेत, कामाला आहेत, कुणाकुणाची लग्नंही झालीत. एका घरात घडलेलं आक्रीत हे तुमच्या घराचं भविष्य म्हणून वाचू नका.

मारामारीच्या गेमचा मुलांवर काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं, २०२० मध्ये या विषयावरचं सगळं संशोधन पुन्हा तपासलं. असे गेम खेळणाऱ्या मुलांत ओरडणं, ढकलाढकली असला आक्रस्ताळेपणा थोडा वाढलेला दिसतो, हे त्यांनी मान्य केलं. पण खुनासारख्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, आणि तसं फोडलं की खऱ्या कारणांकडं दुर्लक्ष होतं, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले, मला हे पटतं. माझ्या वर्गात डोकी फुटली ती मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी, आणि फोडणारी पोरं बहुतेक वेळा घरी मार खाऊन आलेली असायची.

हे वाक्य तुम्हाला कडू लागेल, तरी खोडत नाही. तांब्या भिंतीवर फेकला गेला त्याच्या आधी पट्टा उठला होता. भाऊंचा राग मला कळतो. भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहून मिळवलेले ३,८०० रुपये बोटाच्या एका टोकानं उडाले, तर कुणाच्याही कानशिलात कळ जाईल. पण चौदा वर्षांच्या पोराला पट्ट्यानं मारलं की चूक त्याच्या डोक्यातून निघून जाते आणि फक्त पट्टा लक्षात राहतो. आता जे घडलं ते पुन्हा बघा. त्यानं माणसावर हात उचलला नाही. भिंतीवर भांडं फेकलं. आणि सकाळी उठून, कुणी न सांगता, सगळं पाणी भरलं. तुम्ही हे पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी त्या ओळीवर थांबले. ज्या मुलाला आपण चुकलो हे कळतं आणि तोंडानं माफी मागता येत नाही, ते मूल असंच पाणी भरतं. ते पोरगं हातचं गेलेलं नाही, ताई.

अशीच आणखी एक ओळ तुम्ही सहज लिहिलीत. सातवीपर्यंत पहिला-दुसरा नंबर, आठवीला इंग्रजी माध्यम.

आपल्या भागातल्या पोरांची ही वाट मला पाठ आहे. सातवीपर्यंत गल्लीतली मराठी शाळा. बाई ओळखीच्या, बापाला नावानं हाक मारणाऱ्या. गणितात बोट वर करणारा मुलगा म्हणून सगळ्यांना ठाऊक. मग एका जूनमध्ये सगळं बदलतं. काल ज्याला तो लसावि म्हणत होता, ते आता एलसीएम. प्रकाशसंश्लेषण त्याला चित्र काढून समजावता येत होतं, तेच फोटोसिंथेसिस झालं की उत्तर येत असूनही बोट खालीच राहतं. दुकानात भाव करण्यापुरतं कन्नड येतं, पण वर्गात उभं राहून उतारा वाचायची वेळ आली की घसा कोरडा. शेजारची मुलं हसतात. एकदा हसली तरी पुरे असतं. पहिल्या बाकावरचा मुलगा चौथ्या बाकावर जातो, मग शेवटच्या. घरी तो हे सांगत नाही, कारण तुम्ही फी भरायला किती ब्लाऊज शिवता हे त्याला दिसतं.

माध्यम बदलून तुम्ही चूक केलीत असं मी म्हणत नाही. कितीतरी घरांनी तो निर्णय विचार करून घेतलाय, कितीतरी मुलं त्यातून तरलीत. पण गेमचं वेड वर्षभरातलं आहे आणि शाळा बदलून दीड वर्ष झालंय. हा हिशेब जुळतो का बघा. दिवसभर ज्याचं तोंड उघडत नाही, तो रात्री दोनला पांघरुणात तीन पोरांना हुकूम सोडतोय आणि ती ऐकतायत. 'पीछे है' म्हणणारा तुमचा मुलगा कुणाला मारायला निघालेला नव्हता. तो आपल्या साथीदाराला सावध करत होता.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या मे महिन्यात बहिणीचा नातू नंदगडहून सुट्टीला आला होता. तोही तुमच्या मुलाएवढाच. दोन दिवस मी कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी चष्मा लावून त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, दाखव मला. विमानातून पन्नास माणसं एका बेटावर उड्या टाकतात. खाली घरं, डोंगर, नदी. जमेल तशी हत्यारं गोळा करायची, आणि भोवतीचं रिंगण हळूहळू आवळत येतं. बाहेर राहिलात तर जीव जातो. आमच्या पोराच्या गटात चार जण. त्यानं हेडफोन काढून आवाज मोठा केला आणि आधी सगळ्यांना सांगितलं, "आज दादी बैठी है, गाली मत देना." पलीकडून तीन वेगवेगळे आवाज आले, "नमस्ते दादी." एक इंदूरकडचा होता, एक साताऱ्याचा, तिसरा कुठला ते कळलं नाही. मग दहा मिनिटं मी श्वास धरून बसले. एक साथीदार गोळी लागून पडला, तर आमचं पोरगं रिंगणाबाहेर धावत जाऊन, स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवून आलं. मी ओरडले, "अरे डावीकडं, डावीकडं बघ!" आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. एरवी शेजारच्या घरात दूध लागलं तरी वास येतो मला.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. या गेममध्ये काय गोड आहे ते कळलं, आणि तो किती जोरानं ओढतो तेही. पासष्टाव्या वर्षी मला तो दहा मिनिटं जागचा हलू देत नाही, तर चौदाव्या वर्षी काय होत असेल? म्हणून नुसतं "बंद कर" म्हणून भागणार नाही, आणि "खेळू दे बापडा" म्हणूनही नाही.

मोबाईल फोडायचा विचार सोडून द्या. मोबाईल फुटला तरी मित्राचा असतो, गल्लीच्या कट्ट्यावर असतो. सरकारलाही हे जमलेलं नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, तेव्हा आयांनी सुटकेचा श्वास सोडला. पोरं दुसऱ्या गेमवर गेली. २०२१ च्या जुलैत तोच गेम बीजीएमआय या नावानं परत आला. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, तर पोरं त्याच्याच मॅक्स आवृत्तीवर. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद करणारा कायदाच केला होता. दहा वर्षांनी तो मागं घ्यायचं ठरवलं.

आधी झोपेचं बघा. बाकी सगळं नंतर. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. तुमचा मुलगा दोनला झोपून सातला उठत असेल तर ती पाच तास झाली. असं महिनोन् महिने चाललं तर कुठलंही पोर चिडकं होतं, विसराळू होतं, वर्गात पेंगतं. तुम्हाला गेममुळं वाटणारा निम्मा चिडचिडेपणा झोपेचा असू शकेल. त्यामुळं पहिला नियम एवढाच करा की रात्री साडेनऊनंतर घरातला एकही मोबाईल झोपायच्या खोलीत जाणार नाही. सगळे स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही. भाऊ रात्रपाळीला असतील तर त्यांचा सोबत जाईल, पण दिवसपाळीच्या आठवड्यात त्यांचाही फळीवर. आईबाप अंथरुणात रिल्स बघणार आणि पोराला शहाणपण शिकवणार, हे चालायचं नाही. सकाळच्या गजरासाठी मोबाईल लागतो असं तो म्हणेल. साधं गजराचं घड्याळ आणा.

किती वेळ खेळायचं याचा मंत्र मला कुणी विचारला तर माझ्याकडं नाही. तुमच्या घरासाठी मी असं सुचवीन, की शाळेच्या दिवशी अभ्यास झाल्यावर तासभर, रविवारी दोन तास, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. पण हे तुम्ही ठरवून त्याच्यावर लादू नका. त्याला समोर बसवा, त्यालाच विचारा, त्याच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि कॅलेंडरशेजारी चिकटवा. पहिले दोन आठवडे नियम मोडेल. मोडला तर दुसऱ्या दिवशी गेम नाही, एवढंच. महिनाभर बंद अशी शिक्षा दिली की मूल महिनाभर चोरून खेळायला शिकतं.

आणि चालू मॅचमध्ये हातातून मोबाईल हिसकावू नका. पत्त्याचा डाव मध्येच टाकून उठता येतो तसं इथं नाही. मॅच थांबवता येत नाही. तो मध्येच गेला की उरलेले साथीदार अडचणीत येतात, रँक घसरते आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या बसतात. म्हणजे पुन्हा तीच लाज, जी शाळेत आहे. "भाकरी तव्यावर टाकलीय, ही शेवटची मॅच" असं दहा मिनिटं आधी सांगा. तुमच्या मुलाच्या गेममध्ये एक मॅच साधारण दहा मिनिटांची असते. बीजीएमआयची अर्ध्या तासापर्यंत जाते. कुठली मॅच सुरू आहे हे विचारायची सवय लागली की निम्मी भांडणं मिटतात.

आता पैशांचं. इथं मात्र मी कडक आहे. ते ३,८०० कुठं गेले हे त्याच्याकडून ओळ-ओळ समजून घ्या. न रागावता, पण सोडू नका. बहुतेक करून डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, घेतले असतील. गेममधल्या पोशाखांवर, बंदुकीच्या रंगरूपावर ते खर्च होतात आणि त्यातला बराचसा भाग चाक फिरवून नशिबावर सोडलेला असतो. पहिला फेरा स्वस्त. हवी ती वस्तू निघत नाही. मग आणखी एक, मग आणखी एक. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबूतर सगळ्यात जास्त वेळ चोच मारत राहतं. मटक्याच्या नादानं बसलेली घरं तुम्ही-आम्ही बघितलीत. ही त्याच जातीची ओढ आहे. मुलाला चोर म्हणण्याआधी हे लक्षात घ्या, पण पैसे चोरून घेतले हेही खरंच आहे, आणि ते त्यानं फेडले पाहिजेत. दर रविवारी तुमचे शिवलेले ब्लाऊज पोचवून येईल, भाजी आणेल, त्याचे अमुक इतके रुपये वहीत मांडा. दोन-तीन महिने लागले तरी चालतील. पट्ट्यापेक्षा ही वही त्याच्या जास्त लक्षात राहील.

भाऊंचा पिन आजच बदला आणि घरात मोठ्यानं बोलू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती सुरू करा. पैसे घालून जिंकायची रमी, तीन पत्ती असली अॅप्स मोबाईलवर आहेत का तेही एकदा बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातलीय. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळं तसलं काही सापडलं तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. फ्री फायरमधले डायमंड या बंदीत येत नाहीत, तिथं तुम्हालाच पहारा ठेवायचाय. आणखी एक. आयडी विकतो, फुकट डायमंड देतो, ओटीपी सांग, फोटो पाठव, असं म्हणणारे लोक या गेममधून पोरांना गाठतात. हे त्याला सांगून ठेवा. कुणी फसवून पैसे नेले तर १९३० या नंबरावर लगेच तक्रार करायची. मुलानं येऊन तुम्हाला सांगितलं तर आधी शाबासकी द्या, मग रागवा. उलटं झालं तर पुढच्या वेळी तो सांगायला येणार नाही.

होस्टेलचं काय, असं भाऊ विचारतायत. माझं मत, नको. ज्या मुलाला एकटं पडल्यासारखं झालंय त्याला आणखी लांब पाठवून काय साधणार? त्यापेक्षा दुसरं एक काम करा. सातवीतले त्याचे दोन जिवलग मित्र कुठल्या हायस्कुलात गेले ते शोधून काढा. "बाहेर जाऊन खेळ" हे आपण सहज म्हणतो, पण कुणाबरोबर? जुने मित्र पांगलेत, नवे झालेले नाहीत. रात्री हाका मारणारी तीन पोरं एवढेच त्याचे मित्र. त्या दोघांना रविवारी घरी बोलवा, खायला करा आणि त्यांना त्यांच्या त्यांच्यात सोडा. दिवाळीत तुमच्या गल्लीत किल्ला होतच असेल. गेल्या दिवाळीत तो माती कालवायला होता का? बेटाचा नकाशा पाठ असलेल्या मुलाला बुरूज कुठं आणि दरवाजा कुठं हे ठरवायला द्या. मंडळातल्या थोरल्या पोरांशी तुम्हीच बोला. आणि नवरात्रातली दौड. मागच्या वर्षी तो कुणाबरोबर जायचा? त्याच मुलाला यंदा पहाटे दारात उभं राहून हाक मारायला सांगा. आईच्या हाकेनं न उठणारी पोरं मित्राच्या शिट्टीवर उठतात.

शाळेत तुम्ही स्वतः जा. वर्गशिक्षकांना गेमबद्दल एकदम सांगू नका, नाहीतर तो पहिल्याच दिवशी वर्गात बदनाम होईल. विचारा, की माझा मुलगा वर्गात बोलतो का? कुठल्या विषयाला मान खाली घालतो? पुढच्या वर्षी दहावी आहे, ट्यूशन लावावी का याचा विचार तुम्ही करतच असाल. लावायचीच असेल तर मराठीतून समजावून इंग्रजीत लिहायला शिकवणारं कुणी शोधा. आपल्याकडं निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजला जाणाऱ्या मुली आहेत. आठवड्यातून तीन संध्याकाळ पुरतील. एका विषयात जरी त्याचं बोट पुन्हा वर गेलं, तरी रात्रीच्या त्या हुकुमांची गरज थोडी कमी होईल.

तो कधीतरी म्हणेल, मला गेमरच व्हायचंय, त्यात लाखो मिळतात. टर उडवू नका. ई-स्पोर्ट्स खरंच आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यासाठी पदकंही होती. त्याला म्हणा, आपल्याकडच्या आखाड्यात किती पोरं लंगोट चढवतात आणि त्यातली किती मैदान मारतात, हे तूच सांग. पैलवानसुद्धा रात्री नऊला झोपतो. एवढं बोलून सोडून द्या. वाद नको.

आता डॉक्टरांचं, कारण काही मुलांना घरच्या उपायांनी भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय. १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवणखाण, अभ्यास, माणसं या सगळ्यांच्या आधी गेम येतो, आणि नुकसान होतंय हे दिसूनही थांबता येत नाही. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं, आणि त्यामुळं रोजच्या जगण्याचं खरंच नुकसान झालेलं असावं लागतं. तुमच्या मुलाबद्दल मी पत्रावरून निदान करणार नाही. तो शाळेला जातोय, पाणी भरतोय, हे मला बरं लक्षण वाटतं. वर सांगितलं ते दीड-दोन महिने नेटानं करा. तरीही रात्री जागणं सुटलं नाही, शाळा बुडायला लागली, तर दाखवा. आणि त्यानं कुणाला मारलं, स्वतःला इजा केली, जगण्यात काही राम नाही असं बोलला, किंवा दोन-दोन दिवस झोपलाच नाही, तर दोन महिने नको, दोन दिवससुद्धा थांबू नका.

कुठं जायचं? मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. भाऊंनी पाळीवरून येऊन फोन केला तरी चालेल. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स हे मनोविकारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बसनं दोन तासांचा रस्ता. बेंगळुरूच्या निमहान्स या मनोविकारांच्या मोठ्या संस्थेत तर मोबाईल आणि गेमच्या अतिरेकासाठीच २०१४ पासून शट क्लिनिक नावाचं वेगळं केंद्र चालतं. मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं की लोक काय म्हणतील, असं सासूबाई म्हणतील. त्यांना दृष्ट काढू द्या, मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं बिघडत नाही. आजीनं नातवावरून हात फिरवला तर त्यालाही बरंच वाटेल. फक्त त्यावर थांबू नका.

भाऊंशी तुम्ही कसं बोलणार याचा मी विचार करत होते. रात्रपाळीच्या आठवड्यात नको. दिवसपाळी असेल, जेवण झालेलं असेल, मुलगा समोर नसेल, तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवा. पट्ट्याबद्दल मी लिहिलंय तिथं त्यांना राग येईल, येऊ द्या. मग विचारा, तुम्ही नववीत असताना दिवसभर वर्गात तोंड मिटून बसला असता, तर संध्याकाळी कुठं गेला असता? त्यांच्याकडं याचं काहीतरी उत्तर असेल. तालीम असेल, कट्टा असेल, कुणाचं तरी शेत असेल. ते त्यांनी मुलाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर माझ्या सगळ्या सल्ल्यापेक्षा ते मोठं आहे.

येत्या शनिवारी शाळा सकाळची असेल. दुपारी मशीन तासभर बंद ठेवा आणि त्याच्याशेजारी बसा. म्हणा, मला दाखव. तो आधी नाही म्हणेल, चेहरा वाकडा करेल, तुम्हाला काय कळतंय म्हणेल. उठू नका. हेडफोनचं एक टोक मागून घ्या. पलीकडं कोण बोलतंय, तो त्यांना काय सांगतोय, ते नीट ऐका. मॅच संपल्यावर लगेच काही शिकवू नका. एवढंच विचारा, तो पडला तेव्हा तू त्याला उठवायला का गेलास?

तो काय म्हणाला ते मला कळवा.